पाखरांनी ज्यांना आपले मानले

आमच्या पारोळ्याला वळवाच्या वाऱ्यात झाडे पडली की एखादे शिक्र्याचे पिल्लू कुणाच्या तरी घरी येते. पोरे त्याला खिमा भरवतात, ते खांद्यावर बसू लागते आणि घरात कौतुकाला ऊत येतो. मला मात्र अशा वेळी कोनराड लोरेन्झ आठवतात आणि पिल्लाची काळजी वाटू लागते.

लोरेन्झ १९०३ साली व्हिएन्नात जन्मले. वडील नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ, डॅन्यूबकाठी आल्टेनबर्गला मोठे घर. लहानपणी शेजाऱ्याने कोनराडला एक दिवसाचे बदकाचे पिल्लू दिले. ते आई समजून त्याच्याच मागे धावू लागले. वडिलांच्या इच्छेने ते डॉक्टर झाले खरे, पण १९३३ साली त्यांनी प्राणिशास्त्राची डॉक्टरेट मिळवलीच.

त्यांनी हाताने वाढवलेला कावळ्याच्या कुळातला एक नर मोठेपणी त्यांच्याच प्रेमात पडला. आपल्या चोचीतल्या अळ्या तो त्यांच्या तोंडात कोंबी. तोंड मिटले तर कानात! हसू येते, पण त्या पाखराचा जन्म वाया गेलेला असतो. कोवळ्या वयात जो समोर दिसतो त्याचा ठसा उमटतो, आणि पुढे जोडीदारही त्याच जातीचा हवासा वाटतो. ओस्कार हाइनरोथ यांनी हे आधी पाहिले होते. लोरेन्झ यांनी १९३५ साली ते सविस्तर मांडले.

शिकारी पक्ष्यांचेही तेच. डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून त्याची वीण संपली. तेव्हा, १९७० साली, टॉम केड यांनी कॉर्नेल विद्यापीठात पैदाशीचा प्रकल्प सुरू केला. माणसाला जोडीदार मानणारा नर माणसाच्या डोक्यावरच्या खास टोपीवर उतरून समागम करतो. ते वीर्य मादीसाठी वापरता येते. पण रानात सोडायच्या पिल्लांना माणसाची सवय लागू देत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डॉर गिधाडांची पिल्ले तर गिधाडाच्या तोंडाचा हातमोजा घालून भरवली गेली. म्हणून पडलेले पिल्लू धडधाकट असेल तर जवळच्या फांदीवर ठेवावे, जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

या माणसाबद्दल निव्वळ भक्तिभावाने लिहिणे मला जमत नाही. १९३८ साली ते नाझी पक्षात गेले आणि वंशशुद्धीच्या विचाराला त्यांनी शास्त्राचा आधार पुरवला. पुढे रशियात युद्धकैदी झाले. १९४८ साली परतले ते एक हस्तलिखित आणि पाळलेली मैना जातीची चिमणीएवढी पाखरे नव्हे, तर एकच माणसाळलेला स्टार्लिंग घेऊन. १९७३ साली नोबेल मिळाले. १९८९ साली ते वारले. साल्झबर्ग विद्यापीठाने दिलेली मानद पदवी नाझी काळातल्या लेखनामुळे २०१५ साली काढून घेतली.