विश्लेषण : जपानच्या उदयाला तहाने उत्तर देणारे चार्ल्स ह्यूज कोण होते?

आशियातील एखादी सत्ता वेगाने वर येऊ लागली, की पाश्चात्त्य देश एकत्र बसून धोरण ठरवू लागतात. चीनच्या संदर्भात आज ‘जी-७’, ‘ऑकस’ अशा व्यासपीठांवर हेच सुरू आहे. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न जपानबाबत उभा राहिला होता. तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी जपानलाही त्याच टेबलावर बसवले आणि युद्धनौका भंगारात काढायला लावल्या. ते यश पंधरा वर्षांतच का विरले?

ह्यूज राजकारणात कसे आले?

ह्यूज यांचा जन्म ११ एप्रिल १८६२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्लेन्स फॉल्स येथे झाला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. ह्यूज पेशाने वकील. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील आयुर्विमा कंपन्यांच्या गैरव्यवहारांच्या चौकशीत त्यांनी केलेल्या उलटतपासण्या गाजल्या आणि ते घराघरांत पोहोचले. पुढे ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १९१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये न्यायमूर्तीपद सोडून त्यांनी वुड्रो विल्सन यांच्याविरोधात अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. कॅलिफोर्नियात चार हजारांहून कमी मतांनी ते मागे पडले आणि तेवढ्यावर अध्यक्षपद हुकले. १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांच्याकडे परराष्ट्र खाते सोपवले.

जपानची धास्ती कशामुळे वाटत होती?

१९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवले. पहिल्या महायुद्धात त्याने चीनच्या शांतुंग प्रांतातील जर्मन ठाणे आणि विषुववृत्ताच्या उत्तरेकडील जर्मन बेटे ताब्यात घेतली. त्यात १९०२ पासून ब्रिटन आणि जपान यांच्यात लष्करी करार होता. उद्या अमेरिका-जपान संघर्ष पेटला तर ब्रिटन कोणाच्या बाजूने उभा राहील, ही वॉशिंग्टनची चिंता होती. १९२१ च्या उन्हाळ्यात लंडनमधील साम्राज्य परिषदेत या करारावरून मतभेद झाले. कराराचे नूतनीकरण ऑस्ट्रेलियाला हवे होते, तर अमेरिकेचा शेजारी कॅनडा त्याच्या विरोधात होता. दुसरीकडे अमेरिका, ब्रिटन आणि जपान या तिन्ही देशांत मोठ्या युद्धनौका बांधण्याची शर्यत लागली होती. महायुद्धाने पिचलेल्या करदात्यांना तो खर्च झेपणारा नव्हता.

पहिल्याच दिवशी काय घडले?

१२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये नऊ देशांची परिषद सुरू झाली. आदल्याच दिवशी अर्लिंग्टन येथे महायुद्धातील अज्ञात सैनिकाचा दफनविधी झाला होता. उद्घाटनाला स्वागताची औपचारिक भाषणे होतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. ह्यूज यांनी मात्र थेट आकडे मांडले. दहा वर्षे नव्या मोठ्या युद्धनौका बांधायच्या नाहीत. शिवाय बांधून झालेल्या आणि बांधणी सुरू असलेल्या मिळून अमेरिकेने ३०, ब्रिटनने १९ आणि जपानने १७ नौका मोडीत काढायच्या. एकूण ६६ नौका, सुमारे १९ लाख टन. हा प्रस्ताव मोजक्याच लोकांना ठाऊक होता. सर्वांत मोठा त्याग त्यांनी स्वतःच्या देशाच्या माथी मारल्याने इतरांना तो धुडकावणे अवघड झाले.

जपान राजी कसा झाला?

अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या नौदलांचे प्रमाण ५ : ५ : ३ असावे, असे ह्यूज यांचे म्हणणे होते. जपानला अमेरिकेच्या ६० नव्हे, ७० टक्के नौदल हवे होते. मात्र टोकियोहून आपल्या शिष्टमंडळाला येणाऱ्या सांकेतिक तारा अमेरिकेची गुप्त शाखा उलगडत होती. वेळ आलीच तर जपान ६० टक्क्यांवर तयार होईल, हे ह्यूज यांना त्यातून कळले आणि ते अडून राहिले. जपानचे नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो हेही व्यवहारी होते. शर्यतीत अमेरिकेच्या पैशापुढे टिकाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. बदल्यात नवी कोरी ‘मुत्सु’ ही युद्धनौका जपानकडे राहिली आणि अमेरिकेने फिलिपिन्स व ग्वाम येथे नवी तटबंदी न करण्याचे मान्य केले.

१३ डिसेंबर १९२१ च्या चार सत्तांच्या करारामुळे ब्रिटन-जपान युतीची जागा व्यापक सल्लामसलतीने घेतली. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी नौदल करारासोबतच चीनच्या अखंडतेची हमी देणारा नऊ सत्तांचा करारही झाला. शांतुंग चीनला परत मिळाले.

यात भारत कुठे होता?

ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळात भारतातर्फे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. पारतंत्र्यातील भारताची सही या करारांवर आहे ती त्यांच्या हातची.

मग बिनसले कुठे?

करार मोडल्यास शिक्षा कोणती, याची तरतूदच नव्हती. मर्यादा होती ती मुख्यतः मोठ्या युद्धनौका आणि विमानवाहू नौकांवर. क्रूझर व पाणबुड्यांच्या संख्येला बंधन नसल्याने शर्यत तिकडे वळली.

त्याहून खोल जखम मानापमानाची होती. ६० टक्क्यांचा आकडा जपानी नौदलातील एका गटाला कायम सलत राहिला. त्यात १९२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जपानी स्थलांतरितांना दार बंद करणारा कायदा आणला. इतरांप्रमाणे जपानलाही कोटा द्यावा, त्यातून फार थोडे लोक येतील, असा ह्यूज यांचा आग्रह होता. मात्र जपानी राजदूताच्या पत्रातील गंभीर परिणामांच्या उल्लेखाला सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी धमकी ठरवले आणि कायदा मंजूर झाला. हेच लॉज वॉशिंग्टन परिषदेत ह्यूज यांचे सहकारी होते. अमेरिकेशी जुळवून घ्या, असे सांगणाऱ्या जपानी नेत्यांच्या पायाखालची जमीन त्यामुळे सरकली.

१९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला, तेव्हा नऊ सत्तांचा करार कागदावरच राहिला. १९३४ च्या अखेरीस जपानने नौदल करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि १९३६ संपताना करारही संपला.

ह्यूज यांचे पुढे काय झाले?

१९२५ मध्ये त्यांनी परराष्ट्र खाते सोडले. १९३० मध्ये ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. १९३७ मध्ये न्यायमूर्तींची संख्या वाढवण्याचा अध्यक्ष रूझवेल्ट यांचा बेत फसला, त्यात ह्यूज यांचा वाटा मोठा होता. जुलै १९४१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पाचच महिन्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्यातील ‘अकागी’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका वॉशिंग्टन करारानुसार मोडीत निघणाऱ्या सांगाड्यांवर, त्याच करारातील सवलत वापरून, उभ्या राहिल्या होत्या. २७ ऑगस्ट १९४८ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी ह्यूज यांचे निधन झाले.

त्यांच्या करारांनी युद्ध टळले नाही, पण मोठ्या नौकांची शर्यत दशकभराहून अधिक काळ थांबली. उगवत्या सत्तेला टेबलावर बोलावणे ह्यूज यांना जमले. तिला तिथे बरोबरीचे स्थान देण्याची तयारी मात्र त्यांच्या देशाने दाखवली नाही.