प्रबंध आणि प्रपंच

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव न ऐकलेला विद्यार्थी आपल्या शाळेतच काय, पण सबंध बुलढाणा जिल्ह्यात सापडावयाचा नाही. महाडचे तळे, राज्यघटनेचा मसुदा, नागपूर येथील धर्मांतर या विषयांवर दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास व्याख्याने होतात आणि मुले ती लक्षपूर्वक ऐकतात. परंतु या सर्व कार्याच्या आधी १९१३ पासून १९२३ पर्यंतची दहा वर्षे हा थोर पुरुष मुख्यतः एक विद्यार्थी होता. आणि तोही कसा, तर ज्याच्या मागे घरी बायको, मूल, विधवा भावजय व पुतण्या असा प्रपंच आहे, खिशात पैसा नाही, आणि पुढ्यात अपुरा प्रबंध आहे असा. त्या दहा वर्षांची हकीगत सांगण्याचा येथे विचार आहे. आपल्या गावचे काही माजी विद्यार्थी आज अमरावती विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घालतात. घरची शेती, खासगी शिकवणी आणि उशिरा हाती येणारी शिष्यवृत्ती यांच्या ओढाताणीत त्यांचे लेखन वर्षानुवर्षे रेंगाळते. त्यांना ही हकीगत परकी वाटणार नाही.

प्रबंध म्हणजे काय, हे लहान मुलांसाठी प्रथम सांगितले पाहिजे. इतर पदव्या परीक्षा देऊन मिळतात. तीन तासांचा कागद, घंटा वाजली की लेखणी खाली. ‘डॉक्टर’ या पदवीचे तसे नाही. तेथे एक प्रश्न आपणच निवडावयाचा, त्यासंबंधी जुने दप्तर, अहवाल, आकडे धुंडाळावयाचे, आणि पूर्वी कोणी न सांगितलेले असे काही पुराव्यानिशी सिद्ध करून ग्रंथरूपाने मांडावयाचे. त्यास घंटा नाही व वर्गही नाही. आज लिहिले नाही तरी कोणी विचारीत नाही. आणि येथेच पुष्कळांचा घात होतो.

भीमरावांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मुंबईत परळच्या चाळीत राहून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापाशी त्यांच्यासाठी शब्द टाकला. एका मिशन शाळेतील शिक्षकाचा हा हातभार आमच्यासारख्यांस विशेष सांगावासा वाटतो. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच झाले होते. पत्नीचे नाव रमाबाई. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए.ची पदवी मिळाली. पुढील वर्षी भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू होतात न होतात तोच वडिलांच्या आजाराची तार आली, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले. घरचा कर्ता पुरुष गेला असता धाकट्या मुलाने नोकरी धरून राहावे, हेच कोणीही सुचविले असते. परंतु त्याच वर्षी महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊ केली, व परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर सही करून भीमराव जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे उतरले.

कोलंबिया विद्यापीठात ते आरंभी काही दिवस नव्या स्वातंत्र्यात रमले. जेथे कोणी जात विचारीत नाही, जेथे सर्वांबरोबर एका मेजावर जेवता येते, असे जग त्यांनी प्रथमच पाहिले होते. परंतु लवकरच हिशेब ध्यानी आला. मुदत तीन वर्षांची. ती संपली की पैसा बंद. शिष्यवृत्तीतील काही भाग मुंबईस घरी धाडावा लागे. तेव्हा नाटक नाही, चैन नाही, जेवण बेताचे, आणि उरलेला सर्व वेळ ग्रंथालयात. एकट्या अर्थशास्त्राचेच २९ पाठ्यक्रम त्यांनी घेतले. त्याशिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, आणि फ्रेंच व जर्मन यांची तोंडओळख. एकच खर्च त्यांस आवरत नसे, तो जुन्या पुस्तकांचा. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. पोटास चिमटा घेऊन पुस्तके घेणे शहाणपणाचे होते की नाही, याविषयी मतभेद होईल. घरी वाट पाहणाऱ्या माणसांस ते तसे वाटले नसते, हे उघड आहे.

१९१५ साली एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी एक निबंध वाचला, आणि त्याच सुमारास प्राध्यापक सेलिग्मन यांच्या देखरेखीखाली तयार केलेला, हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंधही विद्यापीठास सादर केला. प्रबंध मान्य झाला. पण पदवी? तेथे एक गोम होती. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्यावाचून पदवी हाती पडत नसे, आणि छपाईस पैसा लागतो. तो ग्रंथ वाढवून, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती या नावाने, १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ साली मिळाली. प्रबंध मान्य होणे व पदवी हाती येणे यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली! एवढ्या काळात पुष्कळ माणसे आपण काय लिहिले होते हेही विसरून जातात.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले; लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे नाव घातले आणि ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठीही. परंतु वर्ष पुरते न पुरते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली, एवढीच काय ती आशा घेऊन ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व ग्रंथ ज्या दुसऱ्या बोटीने येत होते ती शत्रूने बुडविली.

त्यानंतर बडोदे. करार पाळावयाचा म्हणून ते गेले. परंतु महाराजांच्या त्या मोठ्या अधिकाऱ्यास गावात राहावयास खोली मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत ते उतरले, आणि त्या ओसाड वास्तूत मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचून रात्री काढू लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ही हकीगत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविली आहे. ती मुलांनी मुळातूनच वाचावी. येथे एवढेच म्हणावयाचे की, ज्यास न्यूयॉर्कमध्ये डोके टेकावयास जागा मिळाली त्यास बडोद्यात मिळाली नाही, आणि प्रबंधाचा विचार करण्यास लागणारी शांतता ही केवळ मनाच्या निग्रहाने मिळत नाही, तिला चार भिंतीही लागतात.

मुंबईस परत आल्यावर शिकवण्या वगैरे करून झाल्यावर १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. मनुष्य बंगला घेऊन राहिला असता. भीमराव परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती द्यावयाची आणि बाकीची लंडनसाठी राखावयाची, असा क्रम त्यांनी ठेविला. थोरले बंधू आनंदराव वारले होते. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा मुकुंद हेही त्याच घरात होते. लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्या मनुष्याची गोष्ट आपल्या मुलांस ठाऊक आहे. त्याने आधी बसून खर्चाचा अजमास करावा असे ती सांगते. भीमरावांनी अजमास केला, तो पुरणार नाही हे त्यांस दिसले, आणि तरीही त्यांनी पाया खणला. साठविलेला पैसा, कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य, आणि न्यूयॉर्कपासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा विलायतेस निघाले. चार वर्षांची मुदत सरत आली होती.

लंडनमधील ही अडीच वर्षे त्यांच्या चरित्रकारांनी बारकाईने वर्णिली आहेत. घरमालकीण मोठी कडक. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा व चहा. एवढ्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जावयाचे. सकाळी आठाच्या सुमारास जे बसत ते संध्याकाळी पाचांपर्यंत. दुपारच्या जेवणास पैसा नाही आणि वेळही नाही. म्युझियम बंद झाले की इंडिया ऑफिसचे किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय. गाडीभाडे वाचविण्यासाठी पुष्कळदा पायीच जात. रात्री खोलीवर आल्यावर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य होई, तेव्हा कोणा ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांतील चार पापड पत्र्यावर भाजून, पेलाभर दुधाबरोबर खात, आणि पहाटेपर्यंत टिपणे काढीत. खोलीतील सोबती झोपण्याचा आग्रह करी. त्यावर भीमरावांचे म्हणणे असे की, आपल्यापाशी पैसाही नाही व काळही नाही, म्हणून निजणे परवडत नाही.

या जीवनक्रमाची आपण मोठ्या कौतुकाने वर्णने करतो. मुलांनी तसेच करावे असे मात्र मी वर्गात सांगत नाही. उपाशी राहिल्याने विद्या येते असे नव्हे. पुढे त्यांच्या प्रकृतीने त्यांस पुष्कळ छळले. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, रोज. मन लागो वा न लागो. प्रबंध हा स्फूर्तीने लिहिला जात नाही, तो बैठकीने लिहिला जातो.

आणि परळच्या त्या दोन खोल्यांत? तेथील बैठकीचे वर्णन कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही. रमाबाई शेण्या थापून चूल पेटवीत व मिळेल त्यात घर चालवीत, असे सांगतात. त्यांची पाच अपत्ये झाली; त्यांतील चार बालपणीच गेली, यशवंत तेवढा वाचला. १९२१ च्या नोव्हेंबरात लंडनहून भीमरावांनी पत्नीस लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. लहानग्या गंगाधरच्या आजाराचे वृत्त त्यांस कळले होते. औषधासाठी पाठवावयास हाती काही नाही, पैसे संपले तर अंगावरचे दागिने मोडावेत, आपण परतल्यावर ते पुन्हा करून देऊ, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. आणि त्याच पत्रात मुलांच्या अभ्यासाची चौकशीही आहे. ज्या हाताने हे पत्र लिहिले, त्याच हाताने त्याच दिवसांत रुपयाच्या विनिमयदराची कोष्टके लिहिली जात होती. यात कोणाचा न्याय झाला व कोणाचा अन्याय, हे ठरविणे सोपे नाही. भीमरावांनी स्वतः तरी तो हिशेब कधी मिटला असे मानलेले दिसत नाही.

१९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर. मध्यंतरी जर्मनीत बॉन येथील विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध सादर झाला. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होऊ लागली, तसा चांदीचा रुपयाही घसरला. सरकारने कृत्रिम उपायांनी त्याची सोन्याशी सांगड घातली. या व्यवस्थेची तरफदारी केन्ससारख्या पंडितानेही केली होती. आंबेडकरांनी दाखविले की, रुपये पाडण्यास कायद्याची मर्यादा नसल्यामुळे सरकारास वाटेल तेव्हा चलन वाढविता येते, महागाई होते, आणि ती गरिबास भोवते. बाहेरच्या दराइतकेच देशातील किमतींचे स्थैर्यही महत्त्वाचे, हा त्यांचा सिद्धांत.

परीक्षकांस ही टीका झोंबली म्हणतात. काही भाग पुन्हा लिहावा असा निर्णय झाला. हातचे पैसे संपलेले. लंडनमध्ये राहणे अशक्य. १९२३ च्या एप्रिलमध्ये भीमराव मुंबईस परतले आणि त्याच दोन खोल्यांत, माणसांच्या राबत्यात, वकिलीची सनद काढण्याची खटपट करीत त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून काढला. निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये तो लंडनला रवाना झाला, नोव्हेंबरात मान्य झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह छापूनही निघाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली, तीत त्यांनी याच विचारांची मांडणी केली.

रुपयावरील हा ग्रंथ त्यांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव महाराजांस अर्पण झाला. रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात निवर्तल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आंबेडकरांचे पुस्तक १९४० साली तयार झाले, तेव्हा अर्पणपत्रिकेत त्यांनी ‘रामू’ हे घरातील नाव घातले आणि मित्रहीन, विवंचनेच्या त्या दिवसांत तिने शांतपणे सोसलेल्या कष्टांचा उल्लेख केला. रमाबाईंस स्वतःला इंग्रजी येत नव्हते.