तारण एकट्याचे नसते

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आमच्या पेठ गावात लहानपणी कीर्तन ऐकून घरी परतताना मला एक प्रश्न हटकून पडे. देव गाठायचा तो माणसांपासून दूर जाऊन, की माणसांतूनच? पुढे गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचले, तेव्हा हाच पेच तीनशे वर्षांपूर्वी एका कॅथलिक धर्मगुरूलाही सोडवावा लागला होता, हे कळले.

वाझ यांचा जन्म १६५१ चा, बाणावलीचा. घर सांकवाळचे, बोली कोकणी. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी आपण मरियामातेचे आजन्म दास आहोत, असा लेख त्यांनी लिहून दिला. १६८५ मध्ये जुन्या गोव्यात प्रार्थनेला वाहून घेतलेल्या स्थानिक धर्मगुरूंच्या लहानशा समूहात ते गेले आणि त्याचे प्रमुख झाले. तिथेच राहिले असते, तरी त्यांच्या आत्म्याच्या तारणाविषयी कोणी शंका घेतली नसती.

पण सिलोनची हकिगत त्यांना स्वस्थ बसू देईना. १६५८ मध्ये डचांनी तिथली पोर्तुगीज सत्ता संपवली आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली. श्रद्धावंत मागे उरले. मिस्सा करायला, मरणाऱ्याच्या उशाशी बसायला कोणी नव्हते. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात जाफन्याला पोहोचले, तेही आजाराने खंगलेले. मग चोरून-लपून फिरायचे आणि रात्री कुणाच्या तरी घरी मिस्सा करायची, असा क्रम सुरू झाला. १६९२ मध्ये पोर्तुगीजांचे हेर समजून कँडीच्या राजाने त्यांना कैद केले. त्या बंदिवासात त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरच्यांनीही टाकून दिलेल्या रोग्यांना वाझ आणि त्यांचे सहकारी अन्न-औषध देत, मेलेल्यांना मूठमाती देत. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही.

मला विशेष वाटते ते पुढेच. सेवेच्या धबडग्यात त्यांची प्रार्थना सुटली नाही. प्रार्थनेचे घर त्यांनी सोडले, प्रार्थना बरोबर नेली. स्वतःचे तारण आणि ख्रिस्ताचे शिष्यत्व यांची त्यांनी वाटणी केलीच नाही. एकातून दुसऱ्याला बळ मिळत गेले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाला मात्र उत्तर त्याआधीच मिळाले होते. देवघरातून उठलेले पाय शेजारच्या आजाऱ्याच्या दारापर्यंत जात नसतील, तर आपली पूजा अजून अर्धीच झाली आहे.