व्हेरा मेंचिक : बुद्धिबळातील पहिली जगज्जेती



आपल्या आजऱ्यात सोप्यावर बुद्धिबळाचा पट मांडला, की भोवती पुरुषमंडळी जमतात आणि आपण आतून चहा पाठवितो. वजीर कुठे अडला हे दाराआडून आपल्याला दिसत असते, पण सांगायचे कोणी? शंभर वर्षांपूर्वी विलायतेतही फारसे निराळे नव्हते. त्या काळी पटावर बसलेल्या एका बाईची ही हकीकत.

व्हेराचा जन्म १६ फेब्रुवारी १९०६ रोजी मॉस्को येथे झाला. वडील झेक, आई इंग्रज. नवव्या वर्षी वडिलांनी तिला हा खेळ शिकविला. पुढे रशियात क्रांती झाली, घरची गिरणी गेली, आईबाप वेगळे झाले. १९२१ साली आई दोघी मुलींना घेऊन इंग्लंडात हेस्टिंग्जकडे आपल्या माहेरी आली. पंधरा वर्षांच्या व्हेराला तिथली भाषा नीट येईना. बुद्धिबळात बोलावे लागत नाही, म्हणून ती गावच्या बुद्धिबळ-मंडळात जाऊ लागली. तेथे हंगेरीचे नामांकित खेळाडू गेझा मारोत्सी तिला गुरू लाभले.

१९२७ मध्ये लंडनला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. व्हेराने अकरा डावांपैकी दहा जिंकले, एक बरोबरीत सोडविला. तेव्हापासून १९३९ पर्यंत अशा सात स्पर्धा झाल्या व सातही तिनेच जिंकल्या. त्र्याऐंशी डावांत हार फक्त एक!

पण बायकांत पहिली आली त्यात काय मोठेसे, असे म्हणणारे होतेच. आज आहेत तसे ग्रँडमास्टरसारखे किताब त्या वेळी नव्हते. जागतिक संघटनेने ते १९५० पासून देण्यास आरंभ केला. तोवर खेळाडूची खरी पत ठरे ती मोठमोठ्या स्पर्धांतूनच. व्हेराबाई तेथेही गेल्या. १९२९ साली रॅम्सगेटला माजी जगज्जेते कापाब्लांका पहिले आले आणि अवघ्या अर्ध्या गुणाने मागे, रुबिनस्टाइनच्या बरोबरीने दुसऱ्या, व्हेराबाई. खुद्द गुरुजी त्यांच्या खाली!

त्याच वर्षी कार्ल्सबादला बोलावणे आले. बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली, की या बाईंकडून जो हरेल त्याला व्हेरा मेंचिक मंडळाचा सभासद करावे. पहिले सभासद तेच झाले. मात्र बाई त्या स्पर्धेत बाविसांत शेवटच्या आल्या, एकवीस डावांत तीन गुण. थट्टेची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. एवढी हार खाऊनही त्या पुन्हा पुरुषांच्या स्पर्धांना जातच राहिल्या. १९३५ साली जगज्जेते झालेले माक्स यूवे त्यांच्याकडून दोनदा हरले, आणि अखंड हिंदुस्थानातले सुलतान खानही एकदा.

१९३७ मध्ये त्यांनी स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न केले. सहाच वर्षांत वैधव्य आले. जून १९४४ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागातील घरावर जर्मनांचा उडता बाँब पडला. आई, बहीण ऑल्गा आणि व्हेराबाई तिघीही गेल्या. जिंकलेले चषकही त्या ढिगाऱ्यात नष्ट झाले. वय अवघे अडतीस.

१९५७ पासून भरणाऱ्या महिला ऑलिंपियाडच्या विजेत्या संघाला व्हेराबाईंच्या नावाचा चषक देतात. २०२४ साली बुडापेस्टला तो भारताच्या मुलींनी जिंकला. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. ग्रँडमास्टर व्हायचे तर एरवी बलाढ्य स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी, म्हणजे नॉर्म, तीनदा करून दाखवावी लागते व गुणांकन २५०० पर्यंत न्यावे लागते. दिव्याजवळ एकही नॉर्म नव्हता. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे, एकोणिसाव्या वर्षी, तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि नियमानुसार त्या एका विजयावर किताब थेट तिच्या पदरात पडला.