चौघांची पेढी

मुंबईत कुणी जे. जे.त आहे असं म्हटलं, की तो आजारी आहे की चित्रं काढतो, एवढंच विचारायचं बाकी उरतं. रुग्णालय आणि कलाशाळा दोन्ही ज्यांच्या नावाने चालतात, ते सर जमशेटजी जीजीभॉय दानशूर म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. हे दान ज्या पेढीच्या मिळकतीतून झालं, त्या पेढीची आणि जमशेटजींच्या भागीदारांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

जमशेटजींचा जन्म 1783 चा. सोळाव्या वर्षीच ते पोरके झाले आणि मुंबईत मामाच्या हाताखाली लागले. मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून बाटलीवाला हे नाव जमशेटजींनाही चिकटलं. शाळा म्हणावी अशी त्यांनी पाहिलीच नाही. पण समुद्र ओलांडला की जात जाते, ही जी आडकाठी हिंदू व्यापाऱ्याला होती, ती पारशांना नव्हती. जमशेटजी पाचदा चीनला जाऊन आले. चौथ्या सफरीत, 1805 मध्ये, त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि सर्वांना कैदी म्हणून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं. त्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. पुढे डॉक्टरकी सोडून तो व्यापारात शिरला आणि कॅन्टनमधल्या सर्वांत बलाढ्य इंग्रजी पेढीचा धनी झाला. जमशेटजींचा चीनकडे जाणारा बहुतेक माल अखेर त्याच्याच हाती पडू लागला. संकटात झालेली ओळख दोघांनाही अशी फळली. जार्डिनच्या पेढीने जमशेटजींना आपल्यात भागीदार म्हणून मात्र कधी घेतलं नाही.

पेशवाई बुडाली त्याच साली, 1818 मध्ये, मुंबईत जमशेटजींची पेढी उभी राहिली. एक भागीदार जैन शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं आदीश्वराचं मंदिर बांधणारे मोतीशा शेठ. दुसरे महंमद अली रोगे, जहाजांच्या धंद्यातले कोकणी मुसलमान. पुढे त्यांना येऊन मिळाले गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया. आज अशी यादी कुणी केली तर ती एकात्मतेच्या जाहिरातीसाठी केली आहे असं वाटेल. तेव्हा तिच्यामागे निव्वळ हिशेब होता. गुजरातेत आणि माळव्यात जैन सावकारांचं जाळं होतं, जहाज आणि खलाशी कोकणी मुसलमानांना ठाऊक होते, पोर्तुगीजांच्या दमणमध्ये आणि मकावमध्ये फारियांचा शब्द चालत होता आणि जमशेटजींना कॅन्टनचा बाजार व साहेबाची भाषा अवगत होती. एकाच जातीतल्या चौघांना हे चारही दरवाजे उघडले नसते.

बँकेत भागीदारी संस्थांची खाती मी बरीच वर्षं पाहिली. भागीदार बहुधा सख्खे भाऊ, नाहीतर मेहुणे असत, कारण विश्वास घराबाहेर ठेवायला माणूस घाबरतो. जमशेटजींच्या काळी तर ना तार होती, ना आजच्यासारखा कंपनी कायदा. माल गेला की पैसा यायला महिनेच्या महिने लागत, आणि मधल्या काळात हाती असे तो फक्त दुसऱ्याचा शब्द. कॅन्टनमध्ये विक्रीची चांदी कंपनी सरकारच्या खजिन्यात भरायची आणि तिच्या बदली हिंदुस्थानात किंवा लंडनला वटणारी हुंडी घ्यायची, असाही रिवाज होता. कंपनीला चहा विकत घ्यायला तिथे चांदी हवीच असे. आपल्या डिमांड ड्राफ्टचाच हा थोरला पणजोबा.

हे चौघे कधी एका पंगतीला बसले असतील असं मला वाटत नाही. त्या काळच्या मुंबईत ते शक्यच नव्हतं आणि धंद्याला त्याची गरजही नव्हती. पण गावाच्या कामात हा शेजार उपयोगी पडला. 1832 मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली आणि पारशांनी दंगा केला, त्यात इतरही सामील झाले. दोनच वर्षांनी भुलेश्वरला पांजरापोळ निघाली, ती पारशी आणि जैन शेटियांच्या पैशाने. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी आणि जीवदया पाळणारा जैन तिथे वेगवेगळ्या वाटांनी येऊन भेटले.

फारियांची अखेर चांगली झाली नाही. 1835 मध्ये बर्नार्दो पेरेस द सिल्वा या गोमंतकीयाला पोर्तुगालने गोव्याचा प्रमुख नेमलं आणि काही दिवसांतच तिथल्या पोर्तुगीज लष्करी मंडळींनी त्याला हुसकून लावलं. फारियांनी त्याच्या बाजूने पैसा ओतला आणि तो बुडाला. मोतीशा 1836 मध्ये वारले.

या पेढीच्या पेट्यांतून काय जात होतं, ते आता सांगायलाच हवं. कापूस जाई, आणि अफू जाई. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकणारी अफू कंपनीची बंधनं चुकवून दमणच्या वाटेने, आणि 1830 नंतर परवाने घेऊन उघडपणे मुंबईहून निघे. हिंदुस्थानात हा धंदा कायदेशीर होता. बंगालची अफू तर कंपनीच लिलावात विकत असे. चीनमध्ये मात्र बादशहाने तिच्यावर बंदी घातलेली होती, आणि हे मुंबईत सर्वांना माहीत होतं. एका भागीदाराच्या धर्मात अहिंसा, दुसऱ्याच्या धर्मात नशा हराम. तरी अफू विकायला कुणाची हरकत आली नाही. माल खाणारा पाचवा माणूस या भागीदारीत धरलेलाच नव्हता. त्या काळाची मापं वेगळी होती असं म्हणून सुटका करून घेता येते, पण पांजरापोळ काढणाऱ्यांना दया कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं?

1839 मध्ये लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याने कॅन्टनमधली 20,283 पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे प्राण कंठाशी आले. लढाई झाली. 1842 च्या नानकिंगच्या तहात चीनला अफूची भरपाई द्यावी लागली. व्यापाऱ्यांच्या हाती त्यातलं उशिरा आणि अपुरं आलं. त्याच 1842 मध्ये जमशेटजी सर झाले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

पुढचा काळ दानाचा. पत्नी आवाबाईंनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून 1845 मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला. त्याच वर्षी रुग्णालय सुरू झालं. पुण्याच्या बंडगार्डनचा बंधारा, 1857 मध्ये कलाशाळा. यातलं काहीच एका जातीपुरतं नव्हतं, आणि ही सवय त्यांना पेढीवरच लागली असावी असं मला वाटतं. 1859 च्या एप्रिलमध्ये ते गेले. जार्डिनच्या पेढीशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार नकलून ठेवलेल्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

त्यांचं एक जुनं तैलचित्र आहे. पागोटं आणि पायघोळ पोशाख घातलेले जमशेटजी बसले आहेत आणि जवळ त्यांचा चिनी चिटणीस आहे. जमशेटजींचं नाव चित्राच्या शीर्षकात आलं आहे. त्या चिटणिसाचं आलेलं नाही.