हाफकिन यांची प्लेगशी झुंज

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने शिरकाव केला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. पाहता पाहता शहरात हाहाकार उडाला. हजारो लोक घरदार सोडून निघाले. कोणी गावी गेले, तर कोणी साष्टी बेटातील खेड्यांत आश्रयास गेले. आज तीच खेडी मुंबईची उपनगरे आहेत. परंतु प्लेगने तेथेही त्यांची पाठ सोडली नाही. सरकारी माणसे घरोघर झडती घेत. त्या भयाने लोक रोगी लपवून ठेवीत. खात्रीचा उपाय मात्र कोणापाशीच नव्हता.

अशा संकटसमयी सरकारने वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. त्यांचा जन्म १८६० साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस शोधली आणि ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ पासून ते भारतात पटकीची लस टोचण्याचे कार्य करीत होते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी काम आरंभिले. मदतीस एक कारकून व तीन चपराशी एवढेच होते. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते त्यात प्लेगचे जंतू वाढवीत व मग उष्णतेने मारून त्यांची लस बनवीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण लस निर्धोक आहे, याची त्यांना खात्री पटली.

तथापि, लस निर्धोक असणे निराळे आणि गुणकारी असणे निराळे. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. सर्वांची राहण्याची जागा एक, अन्नही एक. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ जण दगावले. लस घेतल्यानंतर केवळ २ जण आजारी पडले. तेही बरे झाले.

एवढ्याने हाफकिन यांचे समाधान झाले नाही. १८९८ साली बडोद्याजवळील उंधेरा गावी त्यांनी घरोघर निम्म्या माणसांना लस टोचली. उरलेल्यांना लसीवाचून ठेवणे ही गोष्ट कठोर होती; परंतु त्याखेरीज सत्य निश्चित कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. प्लेग झालेल्या २८ कुटुंबांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मृत्यू पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३. लस पूर्ण संरक्षण देत नाही, पण पुष्कळांचे प्राण वाचविते, हे आकड्यांनी सिद्ध केले. आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. त्यामुळे त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे आले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही लसीची उपयुक्तता मान्य केली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. ज्याने प्रत्येक गोष्ट पुराव्याने पारखली, त्याच्याविषयी मात्र पुरावा नीट न पारखताच निर्णय झाला. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट जंतुरहित न करताच वापरला गेला होता. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले व पुन्हा भारतात कामावर आले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत लाभली नाही.

१९२५ साली त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे २०२० साली कोरोनाची साथ आली. पुढच्या वर्षी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत लोकांनी ज्या लसी टोचून घेतल्या, त्यांची पारखही लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची तुलना करूनच झाली होती. संकटकाळी निर्णय त्वरेने घ्यावा लागतो. पण तो पुराव्यावर उभा असला, तरच लोकांचे प्राण वाचतात. ही दृष्टी हाफकिन यांच्या जीवनातून आपणांस लाभते.