अरण्यातील साधना, गावातील प्रार्थना

कोजागरीचे चांदणे ओसरू लागते, आश्विन वद्य पंचमी येते आणि दीपावलीची चाहूल लागते. याच तिथीस, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरी येथे देह ठेवला. घरोघरी पणत्या उजळण्याच्या या दिवसांत, अंतःकरणातील दिवा कसा लावावा हे सामान्य माणसास शिकविणाऱ्या या सत्पुरुषाचे स्मरण उचितच होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यभूमीस तर ते विशेष जवळचे. कारण महाराजांच्या साधनेने मूळ धरले ते याच वनप्रदेशात.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली एका निर्धन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. शाळा तिसरीपाशीच सुटली. परंतु वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या चरणी मन जडले आणि त्याच गुरूंकडून ‘तुकड्या’ हे नाव लाभले. पुढे गुरूंच्या वियोगाने व्याकुळ झालेला हा मुलगा घर सोडून रानोमाळ भटकू लागला. त्या काळच्या अखंड चांदा जिल्ह्यातील चिमूर परिसरात रामदिघी व गोंदोडा येथील निबिड अरण्यात त्याने तप आरंभिले. तेथे एका योग्याचा सहवास लाभला, असे भक्तमंडळी श्रद्धेने सांगतात. वाघाचा वावर असलेल्या त्या रानात सोबत होती ती केवळ स्वतःच्या मनाची. भीती, भूक आणि एकाकीपणा यांकडे स्थिर दृष्टीने पाहावयास शिकणे, हीच त्या तपाची खरी कसोटी होती.

साधक येथवर आला, की त्याच्यापुढे दोन वाटा फुटतात. गुहेतील शांतीत कायमचे रमावे, की ती शांती घेऊन लोकांत परतावे? महाराज परतले. हाती खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने गाऊ लागले. १९३५ साली मोझरीस त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला. दारू, कर्ज, भांडणतंटे व अस्पृश्यता यांनी पोखरलेली खेडी त्यांनी जवळून पाहिली. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसास गुहेत जाऊन बसणे शक्य नाही, हे जाणून त्यांनी गुहेतील साधनाच गावच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई व रामधून, आणि दिवेलागणीस सामुदायिक प्रार्थना, असा तो साधा नित्यक्रम. प्रार्थनेत समोर मूर्ती नसते, असते एक रिकामे आसन; त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या दैवताचे स्मरण करावे. स्त्री-पुरुष, सर्व जाती, सर्व पंथ एकाच ओळीत बसतात. खर्च नाही, दक्षिणा नाही, पांडित्याची अटही नाही.

या साधनेचे मर्म मौनात आहे. काही क्षण डोळे मिटून बसले, की दिवसभरात कोणास दुखावले, कशाचा लोभ धरला, कोठे खोटे वागलो, हे आपले आपणास दिसू लागते. दोष दिसणे ही पहिली पायरी आणि तो टाकण्याचा निश्चय ही दुसरी. मनाची जखम भरून येण्यास प्रारंभ होतो तो येथेच.

ही साधना जगापासून पळ काढण्यासाठी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटून उठले, तेव्हा महाराजांच्या भजनांनी जागा झालेला तरुणवर्ग त्यात अग्रभागी होता. महाराजांस अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगवास त्यांनी सोसला. सुटकेनंतर ते पुन्हा खेड्यांकडेच वळले. ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत त्यांनी आत्मशुद्धी व ग्रामशुद्धी यांची सांगड घातली. कारण मन मलिन ठेवून गाव निर्मळ होत नाही, हा त्यांचा अनुभव होता. अखेरीस कर्करोगाने देह जर्जर केला, तरी सेवेचा ध्यास सुटला नाही.

आजही वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील अनेक गावांत सायंकाळी ही प्रार्थना होते, आणि पुण्यतिथीस गुरुकुंजात सहस्रावधी भाविक एकाच क्षणी मौन धरून त्यांस वंदन करतात. यंदा अंगणात पणती लावल्यावर कुटुंबातील सर्वांनी क्षणभर एकत्र, निःशब्द बसावे. ज्या प्रकाशाच्या शोधार्थ एक मुलगा गोंदोड्याच्या रानात गेला, तो प्रकाश आपल्या उंबरठ्याच्या आतही आहे, याची प्रचीती त्यातून येईल.